पोतेऱ्याची परीक्षा

परदेशात नोकरीला गेलेल्या मराठी माणसाच्या आयुष्यात काही गोष्टी ठरल्या वेळी घडतात. पहिल्या महिन्यात तिथलं दूध बेचव लागतं, तिसऱ्या महिन्यात इंडियन स्टोअरमधल्या कढीपत्त्याचा भाव पाठ होतो, आणि वर्ष सरायच्या आत डोंगरउतारावरची एखादी रंगीत वस्ती त्याला सापडते. तो चिलीत असेल तर वाल्पराइसो, दक्षिण कोरियात असेल तर बुसानचं गामचॉन, कोलंबियात असेल तर मेदेयीनचा कोमुना १३. मग घरच्या ग्रुपवर फोटोंची झड लागते. पिवळी भिंत, निळ्या पायऱ्या, जांभळ्या दाराला टेकून उभ्या सूनबाई आणि खाली ओळ, 'इथल्या लोकांना कलेची काय जाण आहे! आपल्याकडे असं काही नाही.' काका 'छान' म्हणतात, मावशी दोन हात जोडून पाठवते, आत्या फक्त सुनेच्या स्वेटरची चौकशी करते. वर्ध्याकडचे एखादे निवृत्त मास्तर मात्र तेवढ्यात विचारून बसतात, 'पन तिथं वरतं पानी कसं चढते बा?' या प्रश्नाला ग्रुपवर कधीच उत्तर मिळत नाही, कारण फोटोत पाणी नसतं. तरीही रंगीत वस्त्यांबद्दल विचारण्यासारखा पहिला शहाणा प्रश्न मास्तरांनीच विचारलेला असतो. वस्ती दिसते कशी हे फोटो सांगतो. ती चालते कशी हे विचारावं लागतं.

माझं म्हणणं असं की, चित्रांनी भरलेली वस्ती खरी की तात्पुरती, हे ओळखायला एकच परीक्षा पुरे: पुढच्या पावसाळ्यानंतर त्या भिंतीवर पोतेरं कोण फिरवणार? चित्र काढणारा त्या भिंतीआड राहणार असेल, किंवा भिंतीआड राहणाऱ्याच्या हाती ब्रश येणार असेल, तर ती वस्ती पास. रंगवणारे रविवारी आले, सोमवारी गेले आणि भिंत पावसाच्या हवाली झाली, तर नापास. मग फोटो कितीही झकास येवोत. या परीक्षेत पहिल्या नंबराने येणारी वस्ती सेवाग्रामची आहे, असा माझा दावा आहे. आता सेवाग्रामात डोंगर नाही. सगळ्यात जवळचा उंचवटा म्हणजे वर्ध्याची हनुमान टेकडी, जी वाल्पराइसोच्या माणसाला चढ म्हणून जाणवणारही नाही. रंगांच्या बाबतीतही फार बोलण्यासारखं नाही. माती, लाकूड, कवेलू आणि मे महिन्यात वर पांढरं पडलेलं आभाळ. टेकडी नाही, रंग नाही, अशा गावाला रंगीत टेकड्यांच्या स्पर्धेत उतरवणं हा आगाऊपणा वाटेल. पण स्पर्धा भिंतीवरच्या कलेची असेल, तर सेवाग्रामचा अर्ज बिनतोड आहे. शिवाय तो अर्ज परदेशात राहायला आलेल्या एका बाईनेच भरून ठेवलेला आहे.

ही बाई म्हणजे मॅडेलिन स्लेड, ब्रिटिश नौदलातल्या अ‍ॅडमिरलची मुलगी, बेथोव्हेनच्या संगीताची भक्त. रोमाँ रोलाँ यांच्याकडून गांधींविषयी ऐकलं आणि १९२५ साली ती साबरमतीला आली. तिथे तिची मीराबेन झाली. १९३६ मध्ये गांधी वर्ध्याहून सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले. त्याच्या आधीच मीराबेन तिथे बस्तान मांडून बसली होती. परदेशस्थ माणसाने घर शोधताना जे जे पाहायचं असतं, त्यातलं सेगावात काहीच नव्हतं. वर्ध्याहून पक्का रस्ता नव्हता. काळ्या मातीतली बैलगाडीची वाट पावसात कशी होते, हे विदर्भाबाहेरच्याला सांगून समजायचं नाही. हिवताप मात्र मुबलक होता. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात खुद्द गांधींनाही त्याने गाठलं. अशा ठिकाणी, इंग्लंडातली प्रशस्त दालनं पाहिलेल्या या बाईने मातीच्या भिंतींवर हात चालवला. तिच्यासाठी बांधलेल्या झोपडीत पुढे, आदि निवास या पहिल्या घरात गर्दी मावेनाशी झाली तेव्हा, गांधी राहायला आले आणि तीच 'बापू कुटी' झाली. भाड्याच्या घरात खिळा ठोकायचा तरी मालकाची परवानगी मागावी लागते, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी या घटनेचं महत्त्व ओळखावं. इथे भाडेकरूने सगळी भिंतच उठवली आणि पुढे त्या भिंतीखाली देशाचा कारभार चालला.

ती भिंत जरा जवळून बघू. बाहेर चपला काढायच्या, वाकून आत शिरायचं, सारवलेल्या जमिनीवर पाय टेकायचा. समोर मातीत उठवलेली ताडाची झाडं दिसतात: खोड सरळ, वर झावळ्यांचा पसारा. ॐ आहे, चरखा आहे, मोर आहे. सगळं भिंतीच्याच मातीचं, भिंतीतूनच थोडं पुढे आलेलं. वेगळा रंग नसल्यामुळे चित्र दिसतं ते फक्त सावलीच्या मदतीने. दारातून तिरका उजेड आला की झावळी उठून दिसते. ऊन माथ्यावर गेलं की झाड भिंतीत परत जातं. मोबाइलला हे कळत नाही. तो मातीवरची माती टिपतो आणि घरी पाहावं तर फोटोत एक भिंत आणि तिच्यावर काही तरी फुगवटा. त्यामुळे सेवाग्राम पाहायला आलेली मंडळी वीस मिनिटांत बाहेर येऊन 'बस, एवढंच?' असं म्हणतात, त्यात त्यांचा दोष नाही. व्हाइसरॉयने बसवलेला टेलिफोन आणि साप पकडायचा चिमटा एवढं पाहून त्यांची भूक भागते. साप पकडून मारायचा नाही, लांब नेऊन सोडायचा, हे ऐकून मुलं खूश होतात. आणि ज्याच्यावर नजर ठरायला हवी, ती भिंत मागेच राहते. भिंत बोलावत नाही, हा तिचा दोष खरा. पण घरात राहणाऱ्या माणसाला भिंतीने दिवसभर हाका मारलेल्या कुठे परवडतात?

इथे कुणी म्हणेल की गांधी आणि कला हा जोडाच विसंगत आहे. गांधींना कोऱ्या भिंती आवडायच्या. १९२४ साली शांतिनिकेतनच्या जी. रामचंद्रन या विद्यार्थ्याशी बोलताना त्यांनी तसं म्हटलंही होतं: माझ्या खोलीच्या भिंती कोऱ्या असल्या तरी चालतील, छपरावाचूनही भागेल, वर चांदण्यांचं आभाळ दिसलं म्हणजे झालं. वर्ध्याच्या उन्हात आणि पावसात छपराशिवाय भागत नाही, हे पुढे सेगावला आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं असावं. पण याच माणसाने १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातल्या फैजपूरला, खेड्यात भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनात, नंदलाल बोस यांना बोलावून सगळं नगर उभारायला लावलं. आणि अट घातली की सामान खेड्यातलंच हवं. नंदलाल काही बांधकामवाले नव्हते, चित्रकार होते. पण बांबू, माती, चटया, टोपल्या यांतून त्यांनी असा मंडप उभा केला की पुढे १९३८ मध्ये हरिपुऱ्यालाही त्यांनाच बोलावणं गेलं. तिथे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी शेतकरी, सुतार, ढोलकीवाला, कातणारी बाई अशी शेकडो चित्रं काढली आणि ती वेशींवर आणि मंडपांवर लावली. गाडीवाटेने आलेल्या शेतकऱ्याला तिकीट नाही, दरबान नाही, मान वर केली की चित्र. आज परदेशी नगरपालिका 'उघड्यावरचं संग्रहालय' म्हणून ज्याच्या पाट्या लावतात, तो प्रकार आपल्याकडे एका पंचेवाल्याच्या आग्रहाने आधीच झालेला होता. मग सेवाग्रामातच १९४४ मध्ये शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकलेले देवीप्रसाद कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत राहिले. नई तालीम या गांधींच्या शिक्षणपद्धतीच्या शाळेत खेड्यातल्या मुलांनी मातीत आणि रंगांत हात घातला. म्हणजे गांधींचा विरोध चित्राला नव्हता. चित्र कुणी तरी येऊन लावून जायचं आणि आपण नुसतं खालून बघायचं, याला होता.

आता हीच परीक्षा परदेशी टेकड्यांना लावून बघू, कारण आपलं तेवढं चांगलं म्हणणं हाही एक प्रकारचा आळसच. वाल्पराइसो सरळ पास होतं. ते बंदराचं गाव आहे. टेकड्यांवरची घरं पन्हाळी पत्र्याने मढवलेली, समोर खारा वारा. पत्रा रंगवला नाही तर गंजतो. जहाजांसाठी आणलेला उरलासुरला रंग घरांना फासला गेला, म्हणून एक घर पिवळं आणि दुसरं निळं, असं तिथे सांगतात. म्हणजे तिथला रंग मुळात गंजावरचं औषध आहे. शोभा मागून आली. २००३ साली युनेस्कोने वारसा म्हणून शिक्का मारला तो बऱ्याच नंतर. आपल्या पणजीचं फोंताइन्हासही असंच पास. आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी दाटीवाटीने बसलेली ती घरं पोर्तुगीज काळात दर पावसाळ्यानंतर रंगवायची, पांढरा रंग मात्र चर्चसाठी राखायचा, असा दंडक होता असं पणजीकर सांगतात. गोव्याच्या पावसात चुन्याचा हात वर्षाला द्यावाच लागतो. दंडकाने फक्त तो चुकवू दिला नाही. दोन्हीकडे रंग हा संसाराच्या कामाचा भाग होता. त्यामुळे तिथल्या भिंतीपुढे उभं राहून फोटो काढणाऱ्या आपल्या भाच्याला दोष देण्याचं कारण नाही. त्याने भिंत बरोबर निवडली, फक्त कारण चुकीचं लिहिलं. 'कलेची जाण' तिथे आहेच, पण तिचं मूळ गंज आणि ओल यांच्याशी रोज झगडण्यात आहे.

नापास होणारी उदाहरणं जास्त शिकवतात. सेऊलच्या इह्वा टेकडीवर २००६ मध्ये सरकारी योजनेतून भिंती आणि पायऱ्या रंगवल्या गेल्या. पायऱ्यांवर फुलं उमलली, मासे पोहू लागले. मालिकावाले आले, मागोमाग जोडपी आली, आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत लोकांच्या खिडकीखाली हसणं-खिदळणं सुरू झालं. २०१६ मध्ये काही रहिवाशांनी स्वतःच रंगाचा डबा उचलला आणि फुलं, मासे पुसून पायऱ्या करड्या करून टाकल्या. त्या टेकडीवर रहिवाशांच्या हाताने झालेलं सगळ्यांत गाजलेलं रंगकाम म्हणजे चित्र पुसणं! आता मुंबईकडे या. २०१७ च्या डिसेंबरात 'चल रंग दे' या उपक्रमात घाटकोपरजवळच्या असल्फ्याच्या टेकडीवरच्या भिंती स्वयंसेवकांनी आणि रहिवाशांनी मिळून रंगवल्या. वर्सोवा-घाटकोपर मेट्रोच्या खिडकीतून ती वस्ती एकदम उजळून दिसू लागली आणि वर्तमानपत्रांनी तिला इटलीतल्या गावाची उपमा देऊन टाकली. हेतू चांगला होता, आनंद खरा होता. पण चित्र कुठून चांगलं दिसतं, ते पाहा: मेट्रोतून. पाहुणे येणार म्हणून फक्त बैठकीची खोली आवरावी, तशी टेकडीची तोंडाकडची बाजू आवरली गेली. त्यात मुंबईचा पाऊस कोणत्याच उपक्रमाची भीड ठेवत नाही. चार पावसाळ्यांनंतर दुसरा हात द्यायचा ठरला तर डबा कुणाच्या पैशाने येणार, ही जबाबदारी उद्घाटनाच्या दिवशी कुणीच घेत नाही. वेगळा धडा रिओ दि जानेरोच्या सांता मार्ता वस्तीचा आहे. तिथे २०१० मध्ये दोन डच चित्रकारांनी चौकातली घरं रंगवली, पण काम करायला वस्तीतल्याच पोरांना शिकवलं आणि मजुरी दिली. बाहेरचे लोक परत गेले, पण हात मागे राहिले. त्या वस्तीला पूर्ण पास म्हणता येत नसेल तरी ग्रेसचे मार्क द्यायला हरकत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: रंगाने माणसाला बरं वाटतं, गरिबाच्या घराला सुंदर दिसायचा हक्क नाही का? आहे, आणि शंभर टक्के आहे. आपल्या वस्तीचं नाव भांडण-मारामारीच्या बातमीऐवजी चित्राच्या बातमीत यावं, याचं सुख किरकोळ नाही. ज्यांच्या घराला कंपाउंड, गेट आणि गेटवर पाटी आहे, त्यांनी या सुखाला नाकं मुरडू नयेत. माझी तक्रार रंगाशी नाही, रंगाच्या एकटेपणाशी आहे. भिंतीला रंग लागला आणि नळाला पाणी आलं नाही, तर रंग त्या नळाच्या जागी बसतो. पाहुणा आनंदाने म्हणतो, 'काय सुधारणा झाली हो!' आणि मास्तरांचा प्रश्न तसाच राहतो. मेदेयीनच्या कोमुना १३ मध्ये २०११ साली डोंगरउतारावर सरकते जिने बसले. चढणाऱ्या म्हाताऱ्यांचे गुडघे वाचले, आणि तिथल्या भिंतींवरची चित्रं त्या जिन्यांसोबत गाजली. जिन्याशिवाय चित्रं असती तर पाहुण्यांची सोय झाली असती, गावकऱ्यांची नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे, आणि तो घराघरांतल्या बायकांचा आहे. सारवणाचं कौतुक पुरुषांच्या तोंडून फार गोड लागतं, कारण शेणात हात घालायला त्यांना कुणी सांगत नाही. कवेलू फेरायला वर्षातून एकदा पुरुष छपरावर चढतो आणि त्याची गोष्ट वर्षभर सांगतो. खाली भिंतीला पोतारा मारणारी बाई दर सणाला तेच काम करते आणि त्यावर कुणी लेख लिहीत नाही. हा आक्षेप मी मान्य करतो आणि परीक्षेत एक पोटकलम घालतो: पोतेरं कायम एकाच हातात असेल तर ती वस्तीही नापास, मग भिंतीवर मोर नाचो की हंस. सेवाग्रामच्या आश्रमाची गोष्ट इथे कामाला येते. तिथे झाडू, दळण, संडाससफाई ही कामं पुरुषांच्याही वाट्याला येत; मोठमोठे पुढारी भेटीला आले की त्यांच्याही हातात खराटा जाई, आणि नंतर ते देशाच्या प्रश्नांवर जरा कमी लांबण लावत असावेत असा माझा अंदाज आहे. त्याच बरोबर हेही बोलायला हवं की मातीचं घर सोडून विटा-सिमेंटचं घर बांधणाऱ्या कुटुंबाला मागास ठरवण्याचा अधिकार पर्यटकाला नाही. घर पक्कं व्हावं, पाठ मोडणारं काम कमी व्हावं, यात चूक काहीच नाही. मातीचा आग्रह नाही, आग्रह हाताचा आहे. सिमेंटच्या भिंतीवर घरच्या पोरीने दिवाळीत काढलेलं चित्र या परीक्षेत उत्तम मार्कांनी पास होतं.

तिसरा आक्षेप सेवाग्रामवरच उलटतो. बापू कुटीत आता कुणी राहत नाही, म्हणजे तीही पाहण्याची वस्तूच झाली. मीराबेनही बाहेरूनच आली होती, आणि १९५९ साली ती भारत सोडून निघून गेली, पुढे ऑस्ट्रियात राहिली, ती परत आली नाही. मग तिच्या मोराला एक न्याय आणि असल्फ्याच्या फुलांना दुसरा का? बाहेरून येणं हा गुन्हा नाही, एवढं तर आधीच झालं. नाही तर सेवाग्रामच्या प्रार्थनेत पहिला मंत्र जपानी बौद्धांचा कसा असता? प्रश्न मधल्या वर्षांचा आहे. ज्या भिंतीवर मीराबेनने मोर उठवला, त्या भिंतीआडचं ऊन, पाऊस, आजार तिच्या वाट्याला आले. १९४२ मध्ये अटक झाली, पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्धतेत राहिली, हेही त्याच गावाशी जोडून घेतल्यामुळे. आणि संग्रहालय म्हणाल, तर मातीचं घर हे असं संग्रहालय आहे की ज्याला कुलूप लावून चालत नाही. संगमरवर काचेआड ठेवून विसरता येतो. माती दोन पावसाळे विसरलात तर मोर, ताड, चरखा सगळं अंगणात वाहून येईल. म्हणून आजही तिथे सारवावं लागतं, कवेलू बघावे लागतात, भिंतीची डागडुजी करावी लागते. ज्या दिवशी ते थांबेल त्या दिवशी बापू कुटी माझ्या परीक्षेत नापास होईल, आणि पाठोपाठ पडेल.

ही परीक्षा आपल्या अंगणातही लावायला हवी, कारण सुशोभीकरणाची हौस आता वर्ध्यालाही आहे. सेवाग्राम विकास आराखड्यातून बरंच काही उभं राहिलं. लोखंडी भंगारातून घडवलेल्या गांधी-विनोबांच्या भव्य प्रतिमा त्यातल्याच. भंगाराचं सोनं करायची कल्पना गांधींना पटली असती, आकार पाहून ते जरा गोंधळले असते. पण महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत उड्डाणपुलाखालचे खांब, नाल्याच्या भिंती आणि शाळांची कंपाउंडं झपाट्याने रंगताहेत: वारली माणसं, वाघ, स्वच्छतेचा संदेश आणि त्याच वाघाच्या शेपटीखाली पानाची पिचकारी. पिचकारी मारणाऱ्याला कलेची जाण नाही असं म्हणून मोकळं होता येतं. माझ्या मते त्याला एवढंच ठाऊक असतं की हा वाघ कुणाचाच नाही. ज्या भिंतीवर स्वतःच्या पोराने चित्र काढलंय, तिच्याकडे तोंड करून थुंकणारा माणूस अजून जन्मायचाय.

तेव्हा परदेशातल्या भाच्याने डोंगर जरूर चढावा, फोटो जरूर पाठवावेत. फक्त एखाद्या दाराशी थांबून, भाषा येत असेल तर, हा रंग शेवटी कुणी दिला आणि पुन्हा कधी देणार, एवढं विचारावं. त्या एका उत्तरात पाणी, भाडं, नगरपालिका, सासू आणि शेजारी यांची इतकी माहिती मिळते की मास्तरांचंही समाधान होईल. आणि आपल्याकडच्या नगरपरिषदांना एकच सुचवावंसं वाटतं. भिंती रंगवायचा ठराव करताना उद्घाटनाच्या खर्चातून हार, शाल आणि श्रीफळ वगळा. उरलेल्या पैशांतून पुढच्या दसऱ्याला त्याच भिंतीआडच्या घरांना रंग आणि ब्रश पोचता करा, आणि चित्र कसलं काढायचं ते त्यांच्यावर सोडा. वाघाऐवजी कुणी म्हैस काढली तर काढू द्या. तिला धुणारा माणूस त्याच घरात असतो.